डॉक्टर विल्यम कॅरी यांची बाग

सोलापूर जिल्ह्याच्या या पूर्व टोकाकडे मराठी, कानडी आणि तेलुगु अशा तीन भाषा मुलांच्या कानांवर पडतात. दुधनीच्या बाजारांत सौदा कानडींत ठरावा आणि हिशेब मराठींत मांडला जावा, यांत कोणास नवल वाटत नाहीं. सोलापूर शहरीं विणकरांच्या वस्तींत जावें तर तेथें तेलुगु ऐकूं येते. या तिन्ही भाषांचीं व्याकरणें पंडितांच्या साहाय्यानें लिहून छापणारा एकच मनुष्य होऊन गेला, ही गोष्ट मात्र आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. त्याचें मराठी व्याकरण १८०५ सालीं, तेलुगु व्याकरण १८१४ सालीं आणि कानडी व्याकरण १८१७ सालीं प्रसिद्ध झालें. हें सारें कार्य त्यानें आपल्या प्रांतापासून शेंकडों कोस दूर, बंगाल्यांत हुगळी नदीच्या कांठीं बसून केलें.

या थोर पुरुषाचें नांव डॉक्टर विल्यम कॅरी. भाषापंडित आणि मिशनरी म्हणून त्यांची कीर्ति सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या आयुष्याची दुसरी एक बाजू होती, ती बागेची. ती पाहिल्यावांचून पहिलीचा अर्थ नीट उमगत नाहीं, असें आम्हांस वाटतें. म्हणून या लेखांत त्यांचें चरित्र बागेच्या वाटेनें सांगण्याचें योजिलें आहे.

कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांत नॉर्दॅम्प्टन परगण्यांतील पॉलर्सपरी या खेड्यांत झाला. वडील एडमंड हे हातमागावर लोकरी कापड विणीत. पुढें ते गांवच्या शाळेचे पंतोजी झाले. घरची स्थिति बेताचीच होती. मुलाला मात्र झाडेंझुडपें, किडे आणि पांखरें यांचें विलक्षण वेड. तो ज्या खोलींत निजे, ती या संग्रहानें भरून गेलेली असे. पीटर नांवाचे त्याचे एक चुलते कॅनडांतून परत येऊन गांवांत राहिले होते व माळीकाम करीत. वाफे कसे करावे, रोपें कशीं लावावीं, कोणतें झाड कोणत्या जातीचें, हे पहिले धडे त्याला या चुलत्यापासून मिळाले.

मोठेपणीं त्यानें मातींतच काम करावयाचें, पण तसें व्हावयाचें नव्हतें. त्याच्या कातडीस असा कांहीं विकार होता कीं उन्हांत काम केलें म्हणजे अंगाची आग होई. म्हणून चौदाव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनीं त्याला जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस ठेवलें. ज्या मुलाला इंग्लंडचें कोंवळें ऊन सोसवत नव्हतें, त्यानेंच पुढें चाळीस वर्षें हिंदुस्थानांत बाग राखली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

जोडे शिवतां शिवतां त्यानें पुस्तक समोर ठेवून लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच व फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला. मोल्टन येथें शाळा चालविली. तेथें भिंतीवर टांगावयास जगाचा नकाशा स्वतः तयार केला. पुढें ते धर्मोपदेशक झाले. १७९२ सालीं त्यांच्या प्रेरणेनें केटरिंग येथें बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना झाली आणि दुसऱ्याच वर्षीं जून महिन्यांत ते स्वतः एका डॅनिश जहाजांतून सहकुटुंब हिंदुस्थानास निघाले. पांच महिन्यांचा प्रवास करून नोव्हेंबर १७९३ मध्यें ते कलकत्त्यास पोंचले.

आरंभीचीं वर्षें अत्यंत हलाखींत गेलीं. जवळचा पैसा लवकरच संपला. कांहीं काळ सुंदरबनांत जंगल तोडून शेती करण्याचा प्रयत्न झाला. पुढें १७९४ सालीं उत्तर बंगाल्यांत मदनावती येथें निळीच्या कारखान्यावर देखरेखीची नोकरी मिळाली. त्याच वर्षीं त्यांचा पांच वर्षांचा मुलगा पीटर वारला. पत्नी डोरोथी हिच्या मनावर या आघाताचा असा परिणाम झाला कीं तिची बुद्धि भ्रमिष्ट झाली आणि १८०७ सालीं मृत्यु येईपर्यंत ती बरी झाली नाहीं. ही बाई परदेशीं येण्यास प्रथमपासूनच नाखूष होती. पतीच्या निश्चयाची किंमत तिला द्यावी लागली. थोरांच्या चरित्रांत अशी गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस उचित वाटत नाहीं.

याच विपन्नावस्थेंत कॅरी यांनीं इंग्लंडांतील मित्रांकडे एक मागणी केली. शेतीचीं कांहीं अवजारें पाठवावीं आणि भाजीपाल्याचें, पिकांचें व फळझाडांचें बियाणें दर वर्षीं न चुकतां पाठवीत जावें, अशी ती मागणी होती. एकदां नव्हे, दर वर्षीं! परक्या हवेंत आणलेलें बीं एका खेपेंत रुजेल असा भरंवसा धरतां येत नाहीं, हें त्या चुलत्याच्या शिष्यास पक्कें ठाऊक होतें.

१० जानेवारी १८०० रोजीं कॅरी हुगळीकांठच्या सेरामपूर गांवीं राहावयास आले. हें गांव त्या काळीं डेन्मार्कच्या अंमलाखालीं होतें. कंपनी सरकारचा मिशनऱ्यांस विरोध असल्यामुळें डॅनिश सत्तेचा आश्रय त्यांना उपयोगी पडला. तेथें जॉशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड या सहकाऱ्यांसह त्यांनीं छापखाना घातला, आणि निवासाजवळच सुमारें पांच एकर जमिनींत एक बाग केली. लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञानें वनस्पतींचें जें वर्गीकरण ठरविलें होतें, त्यास अनुसरून या बागेंतील वाफे आंखलेले होते. एका बाजूस महागनीच्या झाडांची रांग होती. सकाळीं इतर कामांस हात घालण्यापूर्वीं कॅरीसाहेब या बागेंत कांहीं वेळ एकटेच फिरत; तेंच त्यांचें चिंतनाचें स्थान होतें.

१८०१ सालीं लॉर्ड वेलस्ली यांनीं स्थापिलेल्या फोर्ट विल्यम कॉलेजांत त्यांची बंगाली व संस्कृत शिकविण्यासाठीं नेमणूक झाली. थोड्याच वर्षांत मराठीहि त्यांच्याकडे आली. आठवड्यांतून कांहीं दिवस होडीनें कलकत्त्यास जावें, तेथें कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांस शिकवावें आणि परत सेरामपुरास यावें, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. पगार आरंभीं दरमहा ५०० रुपये व पुढें १००० रुपये होता. त्यांतून अगदीं थोडें स्वतःसाठीं ठेवून बाकीची रक्कम ते मिशनच्या सामाईक खजिन्यांत भरीत. वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें त्यांनीं १८०५ सालीं मराठी व्याकरण व १८१० सालीं मराठी–इंग्रजी शब्दकोश छापला. या कोशांतील मराठी शब्द मोडी अक्षरांत आहेत. धातूच्या ठशांनीं मोडी छापण्याचा हा खटाटोप आज पाहतांना मोठें कौतुक वाटतें. या ग्रंथांत उणिवा नाहींत असें नाहीं. १८३१ सालीं मुंबईस मोल्स्वर्थ यांचा विस्तृत कोश निघाल्यावर कॅरी यांचा कोश मागें पडला. परंतु पहिलें पीक घेतल्यावांचून दुसरें पेरावयास बीं कोठून मिळणार?

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळीं सेरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागद, ठसे आणि कित्येक वर्षांच्या परिश्रमांचीं हस्तलिखितें एका रात्रींत भस्मसात् झालीं. तेलुगु व्याकरणाचें हस्तलिखित त्यांतच गेलें. अनेक भाषांचा एक मोठा तुलनात्मक कोश कॅरी सिद्ध करीत होते, तो जळाला आणि पुन्हां कधींच पुरा झाला नाहीं. ठसे ज्यांवरून पाडतात त्या पोलादी मुद्रा मात्र राखेंत शाबूत सांपडल्या. त्यांवरून नवे ठसे पाडण्यास लगेच आरंभ झाला आणि कॅरीसाहेब पुन्हां पहिल्या पानापासून लिहूं लागले. तेलुगु व्याकरण दोन वर्षांनीं छापून निघालें, तें असें दुसऱ्यांदां लिहिलेलें आहे.

आतां या चरित्रांतील जी गोष्ट आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते, ती सांगतों. इंग्लंडांतील एका वनस्पतिशास्त्रज्ञ स्नेह्यानें कॅरी यांना निरनिराळ्या बियांची एक पेटी पाठविली होती. त्यांतील कांहीं बिया पिशवींत तेथल्याच मातींत ठेवलेल्या होत्या. बिया काढून घेतल्यावर कॅरी यांनीं ती रिकामी पिशवीहि फेंकून दिली नाहीं. कदाचित् एखादें बारीक बीं मातींत राहिलें असेल, म्हणून एका सावलीच्या जागीं त्यांनीं ती झाडली. थोड्याच दिवसांनीं पाहतात तों तेथें डेझीचें रोप उगवलेलें! डेझी म्हणजे इंग्लंडच्या कुरणांत पावलोपावलीं उगवणारें, जमिनीलगतचें, पांढऱ्या पाकळ्यांचें व पिवळ्या गाभ्याचें लहानसें फूल. तेथें त्याला कोणी विचारीत नाहीं. परंतु मायदेश सोडल्यापासून पाव शतकाहून अधिक काळ तें फूल कॅरी यांच्या दृष्टीस पडलें नव्हतें, आणि पुन्हां पडेल अशी आशाहि उरली नव्हती. त्या क्षुद्र रोपानें त्यांना जो आनंद झाला, तो त्यांनीं पत्रांतून स्नेह्यास कळविला. तें पत्र मार्च १८२१ मध्यें इंग्लंडास पोंचलें आणि जेम्स माँटगोमरी या कवीनें त्या प्रसंगावर एक कविताहि रचली.

खरी गोष्ट मात्र याच्या पुढेंच आहे. आनंद झाला, पण तें फूल टिकवावयाचें कसें? इंग्लंडांत डेझी हें बहुवर्षायु झाड आहे, म्हणजे एकदां मूळ धरलें कीं तें अनेक वर्षें जगतें व फुलतें. बंगाल्यांत तसें होणें शक्य नव्हतें. थंड देशाच्या अशा झाडास तेथल्या सपाट प्रदेशांत पावसाळा संपल्यापासून उन्हाळा तापेपर्यंतचे चार महिने काय ते मानवतात. चैत्र-वैशाखांत तें होरपळतें, आणि त्यांतून जगलें तरी आषाढ-श्रावणाच्या चिखलांत मूळ कुजून जातें. मूळ राखूं पाहणारा माळी येथें हरलाच म्हणून समजावें.

येथें झाडाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. बहुवर्षायु झाडें सारखींच नसतात. कित्येक झाडें बीं पेरल्यावर पहिलें वर्ष मूळ आणि पानें वाढविण्यांत घालवितात; एक हिंवाळा अंगावर काढल्यावांचून त्यांना कळी येत नाहीं. पिअनीसारख्या झाडास बियांपासून फूल येण्यास तीन-चार वर्षें आणि ट्यूलिपास त्याहूनहि अधिक काळ लागतो. अशीं झाडें बंगाल्यांत बियांवर राखणें अशक्यच, कारण फूल येण्यापूर्वीं उन्हाळा त्यांना गांठतो. परंतु कांहीं बहुवर्षायु झाडें पेरल्या वर्षींच फुलतात व बीं धरतात. डेझी ही या दुसऱ्या जातीची आहे. पाऊस सरल्यावर पेरलेली डेझी थंडी संपण्याच्या आंत फुलूं शकते, आणि झाड मरण्यापूर्वीं तिचें बीं हातीं लागतें.

कॅरीसाहेबांनीं ही वाट धरली. मूळ वांचविण्याचा हट्ट त्यांनीं सोडला. दर हंगामीं बीं धरून ठेवावें व पुढच्या हंगामीं तें पेरावें, अशा रीतीनें बहुवर्षायु डेझी त्यांनीं एकवर्षायु पिकासारखी चालविली. हें काम वाचावयास सोपें, करावयास कठीण. डेझीचें बीं अगदीं बारीक असतें. तें पक्व होतांच टिपलें नाहीं तर वाऱ्यानें उडून जातें. सावलींत सुकवावें लागतें. मग बंगालचा पावसाळा! त्या दमट हवेंत बुरशी व किडा यांपासून तें पांच-सहा महिने जपावें लागतें. शिवाय येथें एका वर्षाची चूक दुसऱ्या वर्षीं भरून काढतां येत नाहीं. एक हंगाम पेरणी चुकली, किंवा एका पावसाळ्यांत डबी ओली झाली, कीं तो वंश त्या बागेंतून कायमचा नाहींसा व्हावयाचा. ज्याच्या शिरावर तीन भाषांचें अध्यापन, अनेक भाषांतील भाषांतरें आणि छापखान्याचें ओझें होतें, त्या मनुष्यानें एका गवतांतल्या फुलासाठीं ही चाकरी पत्करली.

या सुमारासच, सप्टेंबर १८२० मध्यें, त्यांच्या पुढाकारानें शेती व बागाइतीची उन्नति करणारी संस्था कलकत्त्यास स्थापन झाली. येथील शेतकऱ्यास चांगलें बियाणें, नवीं फळें व भाजीपाला मिळावा आणि जमिनीचा कस वाढावा, असा तिचा हेतु होता. तिच्या सभासदांत एतद्देशीय गृहस्थ असलेच पाहिजेत, असा कॅरी यांचा आग्रह होता. ही संस्था आजहि कोलकात्यांत अलीपूर येथें विद्यमान आहे. कंपनीच्या वनस्पति-उद्यानाचे अधीक्षक डॉक्टर रॉक्सबर्ग हे कॅरी यांचे परम स्नेही. १८१५ सालीं ते वारल्यावर त्यांचा हिंदुस्थानांतील वनस्पतींवरील मोठा ग्रंथ अप्रसिद्धच राहिला असता. तो कॅरी यांनीं संपादून छापला, आणि १८३२ सालीं त्याचे तीन भाग सेरामपुरास पूर्ण झाले. मोलुकस बेटांत गेलेल्या जेबेझ या मुलाला ते रोपें व कंद पाठविण्याविषयीं बारकाईच्या सूचना लिहीत. १८२३ सालीं लंडनच्या लिनीयन सोसायटीनें त्यांना सभासद करून घेतलें.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ते होडींतून उतरतांना पडून अंथरुणास खिळले असतांना दामोदर नदीला मोठा पूर आला. पाणी सेरामपुरांत शिरलें आणि वीस-बावीस वर्षें जोपासलेली बाग त्याखालीं गेली. घरहि सोडावें लागलें. कॅरी तेव्हां बासष्ट वर्षांचे होते. चालतां येऊं लागतांच त्यांनीं बाग पुन्हां उभी करण्यास आरंभ केला आणि स्नेह्यांकडे पूर्वींप्रमाणेंच बियांची मागणी सुरू झाली.

शेवटच्या आजारांत चालणें बंद झाल्यावर ते खुर्चींत बसून बागेंत जात, आणि तेंहि होईना तेव्हां मुख्य माळ्यास खोलींत बोलावून झाडांची विचारपूस करीत. आपल्या पश्चात् सहकारी मार्शमन बागेंत गुरें सोडतील कीं काय, अशी चिंता त्यांनीं एकदां बोलून दाखविली होती, असें चरित्रकार सांगतात. ९ जून १८३४ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांची चिंता अगदींच निराधार ठरली नाहीं. काळाच्या ओघांत ती बाग मोडली आणि तिच्या जागेवर जुटाची गिरणी उभी राहिली.

मग राहिलें काय? रॉक्सबर्ग यांनीं आपल्या मित्राच्या स्मरणार्थ एका वनस्पतिवर्गास कॅरिया हें नांव दिलें होतें. आपल्या सह्याद्रींतील कुंभा हें झाड त्याच वर्गांतील आहे; तें अद्यापि रानोमाळ फुलतें. सेरामपूरचें कॉलेज अद्यापि चालतें. आणि ज्या भाषांचीं व्याकरणें त्यांनीं अर्धवट साधनांनीं लिहिलीं, त्या भाषांत पुढें शेंकडों विद्वानांनीं अधिक चांगलीं व्याकरणें लिहिलीं. हे सर्व, पाहूं गेल्यास, बियांवर चालविलेलेच वंश आहेत. मूळ जागा उरली नाहीं तरी ते थांबले नाहींत.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, या गोष्टीची साक्ष पाहावयास बंगाल्यांत जाण्याचें कारण नाहीं. कार्तिक-मार्गशीर्षांत दुधनीच्या शिवारांत तुरीवर पिवळा फुलोरा आलेला आपण सर्वांनीं पाहिला आहे. तूर हें झाड स्वभावतः बहुवर्षायु आहे. बांधावर एखादें राहून गेलें तर दुसऱ्या वर्षींहि त्याला शेंगा येतात. तरीहि आपला शेतकरी तें दर मृगांत नव्यानें पेरतो, कारण पेरल्या वर्षींच तें फुलतें आणि पहिल्या वर्षीं भरघोस पिकतें. सोलापूरच्या मागांना सूत पुरविणारी कपाशी, बांधावरचा एरंड, परसांतलीं वांगीं व मिरच्या यांचीहि तीच कथा. अंगणांतली गुलबक्षी घ्या: तिचें काळें बीं पावसाच्या आरंभीं टाकलें तर ती त्याच वर्षीं फुलते, आणि जमिनींतला कंद राखला तर पुढल्या वर्षीं पुन्हां उगवते. सदाफुली तर पेरल्यापासून कांहीं महिन्यांतच फुलूं लागते व वर्षानुवर्षें थांबत नाहीं.

ज्यांना ही विद्या हातानें शिकावयाची असेल त्यांनीं सदाफुलीच्या दोन शेंगा वाळून तडकण्यापूर्वीं तोडाव्या, कागदावर सावलींत सुकवाव्या, बीं कोरड्या डबींत घालून वर सालाची चिठ्ठी चिकटवावी आणि पुढच्या पावसाळ्यांत तें पेरावें. झाड अंगणांत उभें असतांना बीं कशास धरावें, असें कोणी विचारील. कॅरीसाहेबांनीं रिकामी पिशवीहि झाडून पाहिली आणि आगीनंतर पोलादी मुद्रा राखेंतून वेंचून घेतल्या, त्याचें कारण हेंच कीं पुढचा उन्हाळा कसा येईल हें कोणत्याच माळ्यास आधीं सांगतां येत नाहीं. यंदाच्या फुलाचें बीं यंदाच धरून ठेवावें.